एकतीस सुरवंटांची थंडी

डिसेंबरच्या मध्यावर इथे आखातात, खलिफा सिटीत पहाटेचं धुकं यायला लागतं. समोरचा व्हिला आधी फिका होतो, मग त्याच्या कुंपणावरची बोगनवेल जाते, मग सगळंच. विमानतळाकडून नुसता आवाज येतो, विमान दिसत नाही. अशा सकाळी मी खिडकीशी चहा घेऊन उभी असते. आमच्याकडे काम करणारी बाई मागच्या दाराने पिशवी घेऊन निघते आणि माझी नजर आपोआप त्या पिशवीवर जाते. आज जरा फुगलेली आहे का? काल एवढी होती का? हे सगळं क्षणात होऊन जातं. तिच्या लक्षातही येत नसेल. माझ्या मात्र येतं, आणि मग तो चहा प्यावासा वाटत नाही.

ही नजर मला अल ऐनला असताना जडली, नव्वदचं दशक संपत आलेलं असताना, एका थंडीत.

शिरीष तेव्हा तिथल्या एका इस्पितळात मेंटेनन्स इंजिनियर होता. मी कोल्हापुरातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसलेली. सई पहिलीत होती. दुपारी तिला शाळेतून आणायचं, तोवर भिंतींकडे बघायचं. अशात शिरीषच्या ओळखीतून एक काम चालून आलं. गावाबाहेर डोंगराच्या दिशेला एका म्हाताऱ्या अरबाबाची बाग होती. अरबाब म्हणजे मालक. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी उत्तम बोलायचा. त्याला डोंगरातल्या ऑर्किडचा नाद होता, आणि त्यापायी त्याने एक काचघर बांधून घेतलं होतं. बाहेर वाळू तापलेली आणि आत सोळा डिग्री. छतातून दर काही मिनिटांनी बारीक तुषार सुटायचे आणि आत खरोखरीचं धुकं धरायचं. मी घरून स्वेटर घेऊन जायची. वाळवंटात स्वेटर घेऊन कामाला जाणारी मी एकटीच असेन.

काम सोपं होतं. झाडांच्या नोंदी ठेवायच्या, नावाच्या पट्ट्या लिहायच्या. फक्त माझ्याकडे कामाचा परवाना नव्हता. बागेचा मॅनेजर नबील म्हणाला, "मॅडम, पेपर हो जाएगा, इन्शाल्ला." ते इन्शाल्ला तीन महिने तसंच राहिलं. शिरीष रोज सकाळी सोडताना सांगायचा, "कुणी विचारलं तर बाग बघायला आलेय म्हणायचं. कुठे सही करायची नाही. कुणाच्या भानगडीत पडायचं नाही." मी मान डोलवायची. गेटपाशी तपासणीची पांढरी सरकारी गाडी उभी दिसली की मी काचघराच्या मागच्या बाजूला जायची.

काचघरात माळीकाम करायचे कदम. संगमेश्वरकडचे, पंचेचाळिशीचे, काटक. बागेमागच्या खोल्यांच्या रांगेत राहायचे. पहिल्या दिवशी मी मराठीत काहीतरी पुटपुटले ते त्यांनी ऐकलं आणि हातातली नळी तशीच धरून वळले. "वहिनी, तुम्ही आपल्या?" म्हणाले. पाणी त्यांच्याच बुटांवर पडत होतं.

इक्वेडोरच्या डोंगरातून अरबाबाच्या मित्राने ऑर्किड पाठवली होती, त्यांच्यासोबत कुंड्यांमधून बांबूची सहा बेटंही आली होती. ऑर्किडना सावली म्हणून. बारीक, पानांनी लगडलेला बांबू. कदमांनी एक सुकलेली कांडी मोडून दाखवली. "आमच्या माणग्यासारखा आहे बघा, भरीव. आत पोकळी नाय." त्यांनीच एका सकाळी मला हाक मारली, "वहिनी, इकडं या. पानाखाली साबुदाणा लागलाय."

खरंच साबुदाणा. दुधी, गोल, किंचित चमकणारी अंडी. मी भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिली. डोंगरातून बांबूबरोबर कुणीतरी इथवर आलं होतं. मी नोंदवहीत नवीन पान उघडलं. आठवड्याभरात अंडी गडद झाली, मग फुटली, आणि मुंगीएवढे जीव आधी स्वतःचीच टरफलं खाऊन पानांकडे वळले. एकतीस होते. मी तीनदा मोजले. कदम मागे उभे राहून माझ्याबरोबर ओठ हलवत होते.

ते दोन महिने सुखाचे होते असं मी आज म्हणते, तेव्हा कळलं नाही. सुरवंट कात टाकत होते, दर कातीला रंग बदलत होते. हिरवट होते ते सुक्या पानासारखे तपकिरी झाले, शेपटाला दोन टोकं फुटली. मी लिहायची, चित्रं काढायची. हा कुठल्या फुलपाखराचा सुरवंट, हे ओळखायला माझ्याजवळ होतं काय, तर जुन्या टिपणवह्या आणि अरबाबाच्या कपाटातलं काळ्यापांढऱ्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक. त्यात बांबू खाणारी डोंगराळ फुलपाखरं पानंच्या पानं होती, सगळी एकमेकांच्या भावंडांसारखी. मी प्रत्येक चित्रावर संशय घ्यायची. हे असेल? मग शेपूट अशी का नाही? कदम झारी घेऊन जाता जाता विचारायचे, "सापडलं का आडनाव?"

मग जानेवारीत मोजणी चुकायला लागली.

मी रोज दहा वाजता मोजायची. एका दिवशी सत्तावीस भरले. वाटलं, पानाआड असतील. पुढच्या आठवड्यात एकोणीस. मग चौदा. मेलेला एकही कुठे दिसेना. पानं मात्र रोज कुरतडलेली. मी ते आकडे वहीत लिहिले, आणि वही दर गुरुवारी नबीलकडे जायची.

नबीलने मला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. अरबाबाने नातवंडांना हे सुरवंट कौतुकाने दाखवले होते, आणि आता कमी का झाले याचं उत्तर नबीलला द्यायचं होतं. चार दिवसांपूर्वी फुलपाखरांचा शौक असलेला कुणी एक माणूस बागेत येऊन सुरवंट विकत मिळतील का विचारून गेला होता. नबीलने आवाज खाली आणला. "मॅडम, अंदर कौन जाता है? तुम और कदम. तुम सेम लँग्वेज, ना? वो तुमसे बात करता है. तुम देखो. किसी को बोलना नहीं."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शिरीष भडकला. "तुझ्यावर आलं तर? तुझी तर नोंदच नाही कुठे. त्याला सांग, बघते म्हणून." मी सांगितलं, बघते म्हणून. सई होमवर्क करता करता ऐकत होती. "आई, आर यू अ स्पाय?" तिने मोठ्या आनंदाने विचारलं.

कुणावर नजर ठेवायची म्हटलं की तो माणूस बदलतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. कदम तेच होते, तेच गाणं नाकातल्या नाकात गुणगुणत झारी फिरवत होते. पण आता ते गुणगुणणं मला मुद्दामचं वाटे. मी आत गेले की ते थांबतात का? परवा मला बघून वळले का? ते दुपारी जाताना एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन निघायचे, झाकण घट्ट लावलेला, काखेत धरलेला. तो डबा आधीही असेल. मी पाहिला नव्हता. आणि कुंड्यांखालचा पाचोळा. पूर्वी ते रोज झाडून काढायचे, आता आठ-आठ दिवस तसाच. माणूस ज्या कामात इतका नेटका, तो अचानक पाचोळा का साठू देतो? त्याच्याखाली काय आहे?

मी आडून विचारलं. "कदमभाऊ, गावाकडे या सुरवंटाबद्दल सांगितलंत का कुणाला?"

"सांगितलं ना, फोनवर. बायको म्हणते, तिकडं जाऊन किडे पाळता होय!" ते हसले. मी हसले नाही. कुणाकुणाला फोन करतो, हे मनात टिपून ठेवलं.

पाचोळा का काढत नाही असं मी त्यांना सरळ विचारलं असतं, तर सगळं तिथेच मिटलं असतं. विचारलं नाही. विचारलं तर तो सावध होईल, असं मला वाटलं. मी नबीलला जाऊन डब्याचं सांगितलं. पाचोळ्याचंही सांगितलं. सांगताना स्वतःचा शांत, नीटस आवाज मला ऐकू येत होता. प्रयोगशाळेतलं निरीक्षण वाचून दाखवावं तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी नबीलने कदमांना काचघराच्या दारातच अडवलं आणि डबा टेबलावर उपडा केला. काळे, कोरडे, बारीक दाणे पसरले. मोहरीपेक्षा जरा मोठे.

"ये क्या है? बीज? ड्रग? बोलो!"

"खत है साब, खत," कदम म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट सुटका होती, बरं झालं या इथे आहेत अशी. "वहिनी, सांगा की यांना."

ती सुरवंटांची विष्ठा होती. मी ती रोज भिंगाखाली पाहत होते. कुठल्या कातीत दाणा केवढा होतो, हे माझ्याच वहीत चित्रासह होतं. एक वाक्य पुरलं असतं.

नबीलने फोन उचलला होता. "मैं पोलीस को बुलाता हूँ, खलास." पोलीस आले की बागेतल्या प्रत्येकाला कागद मागतात. माझ्या डोळ्यांपुढे गेटपाशी उभी पांढरी गाडी आली, शिरीषचा चेहरा आला, सईची शाळा आली. नबील माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम?"

"आय ॲम नॉट शुअर," मी म्हणाले.

कदमांना इंग्रजी फारसं येत नसेल, पण तेवढं आलं. त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि टेबलावरच्या दाण्यांकडे बघत राहिले.

नबीलने शेवटी पोलीस बोलावले नाहीत. कदाचित त्यालाही ते नकोच होते. कदमांची खोली उलटीपालटी केली. काही सापडलं नाही. खोलीमागे एसीचं पाणी ठिबकतं तिथे त्यांनी अळू लावलं होतं. मांडीएवढी उंच, हिरवीगार, मोठ्या पानांची रांग. ते काळं खत त्या अळवासाठी होतं. खाली काही पुरलंय का बघायला तेही उपटून काढलं. मी तिथे गेले नाही. ड्रायव्हरने मला घरी सोडताना सांगितलं, अगदी सहज, रेडिओचा आवाज कमी करून. कदमांना कामावरून काढलं होतं. मालकाकडे जमा असलेला त्यांचा पासपोर्ट कपाटातून निघून नबीलच्या टेबलावर आला होता, म्हणजे त्यांना गावी परत पाठवायची तयारी.

दोन दिवस मी गेले नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. सई शाळेत गेली की घर अगदी शांत व्हायचं, आणि त्या शांततेत मी आमटीला फोडणी द्यायची तर मोहरी हातात घेऊन उभी राहायची. शिरीष म्हणाला, "झालं ते झालं. आता जाऊच नकोस तिकडे." आठवड्यापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती. मी म्हटलं, मला वाटेत सोड. त्याने गाडी बागेकडे वळवली. बाहेर दाट धुकं होतं आणि काचघराच्या आतही. दोन्हींच्या मध्ये फक्त काच. सव्वासहा वाजले होते. या वेळी मी आत कधीच आले नव्हते.

मी दिवा न लावता, नुसता टॉर्च घेऊन बांबूपाशी गेले आणि थबकले. पानापानावर ते होते. बोटाएवढे झालेले, गुबगुबीत, पानाची कड कुरतडत बसलेले. मी मोजायला सुरुवात केली आणि वीसच्या पुढे गेल्यावर मला पुढचं नीट दिसेना, डोळे पुसावे लागले. मग बाहेर उजाडायला लागलं. काचेतून करडा उजेड आला आणि एकेक सुरवंट खाणं थांबवून देठावरून खाली उतरू लागला. सावकाश, जणू शिफ्ट संपली. बुंध्याशी पोचून पाचोळ्यात शिरला की सुकं पान कुठलं आणि तो कुठला, सांगता येत नव्हतं. हे अंधारात खाणारे होते. दिवसा खाली लपणारे. लहान असताना पानावरच राहायचे, मोठे झाले तसे एकेक खाली जायला लागले. दहा वाजता माझ्या मोजणीला तेवढेच कमी भरत गेले.

मागे खरखर झाली. कदमांच्या जागी आलेला नवा माणूस खराटा घेऊन पलीकडच्या दोन कुंड्यांखालचा पाचोळा पोत्यात भरत होता. मॅनेजरने सगळं साफ करायला सांगितलं होतं त्याला.

"रुको!" मी ओरडले, इतक्या जोराने की त्याच्या हातातून खराटा पडला. आम्ही दोघांनी पोतं जमिनीवर ओतलं. मी गुडघ्यांवर बसून एकेक पान उलटलं. काही पानं चालायला लागली. सगळे मिळून एकोणतीस भरले. दोन नव्हते. नवा माणूस म्हणाला, आदल्या दिवशीही एक पोतं भरून गेलंय.

नऊ वाजता अरबाब आला. मी नबीलची वाट न बघता त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सुरवंट कुठे होते ते. डब्यातले दाणे काय होते ते. "मुझे उसी दिन मालूम था," मी म्हणाले. "मैं चुप रही. मेरे पास परमिट नहीं है, इसलिए डर गई."

म्हाताऱ्याने शाल सारखी केली. मग म्हणाला, "बेटी, डर तो उसको भी था. फिर भी उसने तुम्हारा नाम नहीं लिया. परमिट की बात वो जानता था. सब जानते हैं."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कदमांनी एक शब्द उच्चारला असता, तर त्या टेबलापाशी संशयित मी झाले असते.

त्याच दिवशी दुपारी कदम कामावर आले. नबीलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "सॉरी, सॉरी, हबीबी" म्हटलं. मी पुढे होऊन म्हणाले, "कदमभाऊ, तुम्हाला ठाऊक होतं का ते खाली उतरतात हे?"

त्यांनी झारी भरून घेतली. "मैं पाँच बजे पानी देता हूँ, मैडम. रोज देखता था. इसलिए कचरा नहीं निकालता था. आप दस बजे गिनती करती थीं." झारी उचलून ते पुढे गेले. "गिनती कम है, ये मेरे को किसी ने बोला ही नहीं."

'वहिनी' गेलं होतं. मराठीही गेली होती.

फेब्रुवारीत सुरवंटांनी पानांखाली उलटं लटकून कोश केले. मार्चमध्ये, सईच्या पहिल्या परीक्षेच्या आठवड्यात, पहिलं फुलपाखरू बाहेर आलं. चॉकलेटी, जवळजवळ काळं, मागच्या पंखावर गंजाच्या रंगाचा एक पट्टा. पुढचे दोन पाय आखूड, छातीशी दुमडलेले, त्यामुळे चारच पायांवर उभं. भिंगातून डोळ्यांवर बारीक केस दिसले. दिसायला काही फार सुंदर नव्हतं. तरी आम्ही सगळे त्याच्याभोवती श्वास धरून उभे होतो, अरबाब, नबील, मी. कदम एक पाऊल मागे. फुलांकडे ते गेलंच नाही. कदमांनी सडकं केळं बशीत ठेवलं, त्यावर जाऊन बसलं. केळं ठेवायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी वर्णन आणि फोटो परदेशातल्या एका जाणकाराला पाठवले. त्याचा फॅक्स आला. प्रजाती बहुधा पेडालिओडीस असावी. पण त्यातल्या जाती इतक्या सारख्या की नुसतं बघून सांगता येणार नाही. खात्री हवी असेल तर एक नर मारून, पोटाचं टोक उघडून तपासावं लागेल. मी तो कागद अरबाबाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "नहीं. किसी को नहीं खोलना." मी वहीत नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या हातून झालेली तेवढीच एक सचोटीची नोंद.

ते दोन सुरवंट कुठे गेले, मला कधीच कळलं नाही. आदल्या दिवशीच्या पोत्यात गेले असणार, म्हणजे कदमांना काढल्यामुळेच मेले असणार. असणार. पण मन किती कोतं असतं बघा. इतकं सगळं होऊनही कधी कधी झोप लागता लागता मनात येऊन जायचं, की नक्की पोत्यातच गेले ना? मग मी दिवा लावून पाणी प्यायची.

मे महिन्यात शिरीषला उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आमचं सामान बांधून झालं. शेवटच्या दिवशी मी काचघरात गेले. कदम एका ऑर्किडला काठीचा आधार बांधत होते. तीन महिने आम्ही रोज बोललो होतो, गेट, पाणी, दिवा, चावी, सगळं हिंदीतून. मी बरोबर अळवाचे कंद आणले होते, भारतीय दुकानातून निवडून. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतले, टेबलावर नीट ठेवले.

मी रात्रभर जुळवलेलं बोलले. माझं चुकलं म्हणाले. त्या दिवशी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. भीती होती, पण ते कारण होत नाही. तुम्ही मला घरच्यासारखं मानलंत आणि मी त्याचाच उपयोग केला. मला माफ करा म्हणणार नाही, पण हे तुमच्यासमोर एकदा आपल्या भाषेत बोलायचं होतं.

कदमांनी सुतळीची गाठ मारली. ओढून पाहिली. मग माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, अगदी अदबीने, अनोळखी पाहुणीकडे बघावं तसं.

"माफ करना मैडम," ते म्हणाले, "मेरे को मराठी इतना समझता नहीं."